वाहतुकीच्या बातम्यांतील पारिभाषिक शब्द : उंची, सांधा, नॉट आणि ‘पायलट’

इंदिरानगर (बंगळुरू) : पूर्व बंगळुरूतील इंदिरानगरच्या दक्षिणेस डोमलूरपलीकडे जुना एचएएल विमानतळ आहे, उत्तरेस बैयप्पनहळ्ळीचे सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल आहे, आणि या दोहोंच्या मधून सीएमएच रस्त्यावरून मेट्रोचा उन्नत मार्ग जातो. देशाला हादरवून सोडणाऱ्या दोन मोठ्या अपघातांशी या परिसराचा संबंध आला. दोन्ही अपघात समजून घ्यायचे, तर सर्वसामान्य वाचक सहसा ओलांडून पुढे जातो असे काही तांत्रिक शब्द नीट कळावे लागतात.

पहिला अपघात १४ फेब्रुवारी १९९० रोजीचा. मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे एअरबस ए-३२० विमान एचएएलच्या धावपट्टीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अलीकडच्या गोल्फ मैदानावर आदळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. दुपारची वेळ होती, धावपट्टी दिसत होती आणि दोन्ही इंजिने सुस्थितीत होती. तरीही विमान खाली का आले, याचे उत्तर ‘ओपन डिसेंट’ या शब्दांत आहे.

ए-३२०मध्ये खाली उतरण्याच्या अनेक पद्धती संगणकाला सांगता येतात. ‘व्हर्टिकल स्पीड’ म्हणजे मिनिटाला किती फूट उतरायचे ते ठरवून देणे. ‘ओपन डिसेंट’ म्हणजे कोणत्या उंचीपर्यंत उतरायचे तेवढेच सांगणे. या दुसऱ्या पद्धतीत इंजिने किमान शक्तीवर, म्हणजे ‘आयडल’वर जातात आणि विमान घरंगळल्यासारखे खाली येते. उंच आकाशात ही पद्धत सोयीची असते. जमिनीजवळ मात्र वेग राखण्यासाठी इंजिनांचे बळ हाताशी असावे लागते. मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा दर लावायचा असताना उंचीचे बटण फिरवले गेले असावे, ही सर्वाधिक संभाव्य शक्यता चौकशीत पुढे आली.

‘उंची’ या एका मराठी शब्दात येथे दोन अर्थ दडलेले आहेत. ‘अल्टिट्यूड’ समुद्रसपाटीपासून मोजतात, तर ‘हाइट’ विमानाखालच्या जमिनीपासून. एचएएलची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,९०० फुटांवर आहे. त्यामुळे त्या बटणावर लावलेली कमी उंची जमिनीच्याही खालची ठरू शकते, आणि यंत्र ती निमूटपणे स्वीकारते. याउलट अखेरच्या क्षणांत रेडिओ अल्टिमीटर चारशे, तीनशे, दोनशे असे आकडे उच्चारत होता, ते जमिनीपासूनच्या अंतराचे होते. उतरताना वेग १३२ नॉट असायला हवा होता. तो १०६पर्यंत घसरला. दोनपैकी एका वैमानिकाचे ‘फ्लाइट डायरेक्टर’ चालू राहिल्यामुळे संगणक वेग राखण्याच्या पद्धतीकडे आपोआप वळला नाही. शेवटी इंजिनांना बळ देण्याचा प्रयत्न झाला. परंतु आयडलवरील जेट इंजिनाला पूर्ण शक्ती यायला काही सेकंद लागतात आणि तेवढे सेकंद उरले नव्हते. चौकशीने वैमानिकांच्या विलंबित प्रतिसादावर बोट ठेवले. तथापि, यंत्र कोणत्या पद्धतीत आहे हे माणसाच्या लक्षात न येणे, हा प्रश्न एका विमानापुरता नव्हता. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गजवळ ए-३२० डोंगरावर आदळून ८७ जण मरण पावले, तेव्हाही उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा दर यांची गल्लत झाल्याची शक्यता तपासात ठळकपणे मांडली गेली.

एचएएलवरील नियमित प्रवासी वाहतूक मे २००८मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाल्यावर बंद झाली. रस्ता मात्र अजून ‘ओल्ड एअरपोर्ट रोड’ याच नावाने ओळखला जातो.

दुसरा अपघात घडला ओडिशातील बालासोर जिल्ह्यात, बहानगा बाजार स्थानकात, २ जून २०२३ रोजी. त्यात सापडलेल्या दोन प्रवासी गाड्यांपैकी हावड्याकडे निघालेली गाडी याच विश्वेश्वरय्या टर्मिनलवरून सुटलेली होती. ‘मेन लाईन’ म्हणजे न थांबणाऱ्या गाडीचा सरळ मार्ग. ‘लूप लाईन’ म्हणजे त्यातून फुटून स्थानकात पुन्हा त्यालाच मिळणारा बाजूचा मार्ग, जेथे मागे ठेवायची गाडी उभी करतात. मार्ग फुटतो त्या जागेला इंग्रजीत ‘पॉइंट’ आणि मराठीत ‘सांधा’ म्हणतात. सांधेवाला हा शब्द रेल्वेच्या वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे. सांधा आणि सिग्नल परस्परांशी जखडून ठेवणारी व्यवस्था म्हणजे ‘इंटरलॉकिंग’. सांधा सरळ असल्याखेरीज सरळ मार्गाचा हिरवा दिवा लागूच नये, हे तिचे काम. बहानग्यात कोरोमंडल एक्स्प्रेसला सरळ मार्गाचा हिरवा दिवा मिळाला, पण सांधा लूप लाईनकडे वळलेला होता आणि तेथे मालगाडी उभी होती. घसरलेले डबे शेजारून जाणाऱ्या बंगळुरू-हावडा गाडीच्या मागील डब्यांवर आदळले. २९०हून अधिक प्रवाशांचा बळी गेला. सिग्नलच्या जोडणीत केलेले सदोष बदल हे कारण रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निष्पन्न झाले. म्हणूनच ‘सिग्नल चुकला’ हे मोघम वाक्य येथे अन्यायकारक ठरते : चालकाने सिग्नल मोडला नव्हता, सिग्नलच खोटे सांगत होता.

मेट्रोच्या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगा शब्द एकच, ‘तिसरा रूळ’. २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झालेल्या बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड या मार्गावर डोक्यावर विजेची तार नाही. गाडीला ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळतो. मुंबई आणि नागपूरच्या मेट्रो वरच्या तारेतून २५ हजार व्होल्ट घेतात, त्यामुळे तेथून आलेल्या प्रवाशाला खालचा धोका चटकन जाणवत नाही. २०२४च्या पहिल्याच दिवशी इंदिरानगर स्थानकात पडलेला मोबाइल उचलण्यासाठी एक प्रवासी रुळांवर उतरली, तेव्हा वीजपुरवठा तातडीने तोडावा लागला. गेजमध्येही फरक आहे : मेट्रोच्या दोन रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर, तर पलीकडच्या टर्मिनलवर रेल्वेचे १,६७६.

बंगळुरूला समुद्र नाही. विमानांची भाषा मात्र बरीचशी समुद्रावरूनच आलेली आहे. नॉट हा वेगच आहे, तासाला एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी जहाजामागे सोडून ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते खलाशी मोजत, त्यावरून हे नाव पडले. ‘ताशी ३० नॉट’ हा वृत्तपत्रांतील प्रयोग त्यामुळे चुकीचा आहे, कारण तास त्यात आधीच आलेला असतो.

‘पायलट’ हा शब्दही जहाजावरचा. तेथे तो जहाजाचा प्रमुख नसतो. बंदराचे उथळ भाग, प्रवाह आणि भरती-ओहोटी जाणणारा हा वाटाड्या थोड्या वेळापुरता जहाजावर चढतो. अंतिम जबाबदारी बहुतांशी ‘मास्टर’कडेच राहते. विमानात पायलट हाच चालक, आणि रेल्वेने आपल्या चालकाला ‘लोको पायलट’ म्हटल्यापासून एकाच शब्दाची तीन पदे झाली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे एकमेकांवर आदळली, तशा प्रसंगी बातमीतला ‘पायलट’ कोणता, हे स्पष्ट करणे अगत्याचे असते. त्या धडकेनंतर चित्रा एका बाजूला कलले आणि त्यावरील अनेक कंटेनर समुद्रात पडले. या कलण्याला ‘लिस्ट’ म्हणतात. जहाज उलटणे ही त्यापुढची, वेगळी अवस्था होय. जहाजाच्या आकारासाठी दिला जाणारा ‘ग्रॉस टनेज’ हा आकडा तर वजनाचा नसतोच. तो जहाजाच्या बंदिस्त आकारमानावरून काढतात, आणि माल, इंधन, पाणी व माणसे मिळून किती भार पेलता येईल हे सांगणारे ‘डेडवेट टनेज’ निराळे असते.