उत्पादन-माहिती व्यवस्थापन (ऑनलाइन विक्री)

ऑनलाइन दुकानातील प्रत्येक मालाचे नाव, वजन, किंमत, करवर्ग, छायाचित्र व शिल्लक साठा यांची अचूक नोंद एका जागी ठेवणे आणि तिच्या आधारे ऑर्डर, पॅकिंग, पाठवणी व परतावा सांभाळणे.

महत्त्व : सांगलीच्या बाजारात हळदीचा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. ऑनलाइन ग्राहकाला तशी सोय नसते. नोंदीत जे दिसते त्यावरच तो विसंबतो.

नोंदीचे घटक : कृष्णा-तारळी संगमावरील, पुणे-बंगळूर महामार्गालगतच्या उंब्रजहून (ता. कराड, जि. सातारा) सांगलीची हळद विकायची आहे, असे समजू. हळकुंडे व पूड, प्रत्येकी २०० आणि ५०० ग्रॅम, म्हणजे चार स्वतंत्र माल. प्रत्येकाला वेगळा सांकेतिक क्रमांक (एसकेयू) द्यावा लागतो. बारकोड १३ अंकी असतो व भारतात घेतलेला बारकोड ८९० ने सुरू होतो. वस्तू व सेवा करासाठी हळद ०९१० या एचएसएन शीर्षात मोडते. खाद्यपदार्थ म्हणून १४ अंकी एफएसएसएआय क्रमांकही लागतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडची हळद या नावाने नोंदवणे बेकायदा आहे.

कायदा : वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मधील दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०१८ पासून उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत इत्यादी तपशील विक्रीच्या पानावरही दाखवावे लागतात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हावे लागते.

कामकाज : एकच माल अनेक संकेतस्थळांवर असेल, तर एका ठिकाणी विक्री होताच सर्वत्र साठा घटला पाहिजे, नाहीतर एकच पाकीट दोघांना विकले जाते. बॅच क्रमांक नोंदवून आधी भरलेला माल आधी पाठवतात. फुटलेले पाकीट परत आल्यास ते पुन्हा साठ्यात धरत नाहीत. पत्त्यात पिनकोड निर्णायक ठरतो : उंब्रज नावाचे गाव जुन्नर तालुक्यातही आहे, कराड तालुक्यातील उंब्रजचा पिनकोड ४१५१०९ आहे.

लहान विक्रेत्याला सुरुवातीला महागडी संगणकप्रणाली लागत नाही. एक तक्ता, एका मालाला एक ओळ आणि रोज संध्याकाळी प्रत्यक्ष साठ्याशी ताळमेळ एवढी शिस्त पुरेशी असते.