परवाना आधी कापसाच्या दलालाला

दलालाला परवाना लागावा, ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्याला नवी नाही. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून इंग्रजी कारभारात आले आणि 1897 मध्ये तिथे कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतमालाच्या बाजाराला नियम घालणारा हा देशातला पहिला कायदा. त्याखाली दलाल आणि मापारी परवान्याच्या कक्षेत आले. बाजार समितीवर मात्र माणसे असत ती नगरपालिकेची आणि कापूस व्यापाऱ्यांची. कास्तकाराला तिथे खुर्ची नव्हती. म्हणजे परवाना आला तो तोलात फसणाऱ्या शेतकऱ्यासाठी कमी आणि कापूस सुरळीत मिळावा म्हणून जास्त. जमिनीच्या सौद्यातला दलाल तेव्हा मोकळा राहिला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे मोकळाच होता. रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याखाली महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून अशा दलालाची नोंदणी आली, आणि महारेरा या राज्य प्राधिकरणाच्या 10 जानेवारी 2023 च्या आदेशाने प्रशिक्षण व परीक्षा. आधीच नोंदणी असलेल्यांनाही त्यातून सूट मिळाली नाही.

इथे पदवीचा प्रश्न येतो: पदवी या परीक्षेची जागा घेऊ शकते का? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात रिअल इस्टेट विषयाची चार वर्षांची पदवी असेल तर परवान्याआधीचा अभ्यासक्रम माफ होतो, पण राज्याची परीक्षा चुकत नाही. आपल्याकडेही कुणी म्हणेल की एलएल.बी. झालेल्या माणसाला मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा पुन्हा का शिकवायचा? आक्षेप रास्त आहे. जे शिकून झाले त्याचे तास माफ करावेत, त्यात कुणाचे नुकसान नाही. परीक्षा माफ करणे ही मात्र वेगळी गोष्ट, आणि त्याचा पुरावा वकिलीच्याच इतिहासात आहे. एके काळी प्लीडरची परीक्षा देऊन, पदवी नसतानाही वकिली करता येत असे. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने ते निराळे वर्ग संपवले आणि पदवी हाच रस्ता झाला. मग बार कौन्सिलला 2010 मध्ये पदवीनंतरची अखिल भारतीय परीक्षा आणावी लागली, आणि 10 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तिला मान्यता दिली. ज्या धंद्याची ओळखच पदवी आहे, तिथेही पदवी पुरली नाही.

यवतमाळात ती आणखीच अपुरी पडते. झरी जामणी, मारेगाव, केळापूर या भागातला सातबारा हातात घ्या. वर कब्जेदाराचे नाव, त्याच्या जवळ ‘भोगवटादार वर्ग-2’ एवढे दोन शब्द, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात कुठे सोसायटीचा बोजा, कुठे कलम 36-अ. महसूल संहितेतले हे कलम 1974 सालचे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे परवानगीशिवाय जाऊ नये, एवढ्यासाठीच ते आले. कोलाम, गोंड, परधान कुटुंबांच्या जमिनी ज्या वाटेने गेल्या, ती वाट बंद करण्याचा तो प्रयत्न होता. कुठे भूदानात मिळालेले वावर, कुठे तुकडेबंदीत अडकलेले दोन गुंठे. त्या रकान्याकडे न पाहता इसार घेणारा दलाल बी.कॉम. असो की सातवी पास, ज्याने बैल विकून पैसे दिले त्याचे नुकसान सारखेच.

उलट असेही म्हणतात की परीक्षेने गावातला जुना, अनुभवी दलाल बाहेर फेकला जाईल. 2024 च्या सुरुवातीला प्रमाणपत्र सादर न केलेल्या सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली, तेव्हा ही भीती पोकळ नव्हती. पण त्यावर पदवीची अट हा उपाय होत नाही. त्याने तर फेरफार तोंडपाठ असलेला तो माणूस आधी जाईल. परीक्षा मराठीत, सोपी आणि तालुक्याच्या गावी मिळाली, तर तो टिकेल. माझी खरी तक्रार दुसरीच आहे. रेरा मोजते ते नोंदणीकृत प्रकल्पातले प्लॉट आणि फ्लॅट. निव्वळ शेतजमिनीचा सौदा जुळवणाऱ्याला आजही ना तास लागतात, ना परीक्षा, ना पदवी. 1897 मध्ये ज्या कास्तकाराला समितीवर खुर्ची मिळाली नव्हती, त्याच्या वावराच्या सौद्यात दलाल अजून बिनपरवान्याचाच बसतो.