अफूची लागवड व रयतेची राजीखुशी

औषधी वनस्पतीची लागवड रयत खुशीनें करी कीं नाहीं, हें कागदांतील शब्दांवरून ठरवूं नये. ‘आत्मसंतोषें लिहून दिल्हें’ हे शब्द आपल्याकडील कर्जरोख्यांतहि येतात. तो निव्वळ लेखनाचा परिपाठ होय. भावप्रकाशांत औषध म्हणून आलेल्या अहिफेनाचें, म्हणजे अफूचें, उदाहरण घेऊं. बिहारांत १८५७ च्या १३ व्या कायद्यान्वयें हें पीक घेणें न घेणें शेतकऱ्याच्या मर्जीवर होतें. पण एकदां आगाऊ रक्कम उचलली कीं सगळा चीक सरकारी भावानें सरकारासच द्यावा लागे, आणि कबूल केल्यापेक्षां पेरा कमी झाल्यास न पेरलेल्या जमिनीपुरत्या उचलीच्या तिप्पट दंड! शिवाय पाणी, खुरपणी, बोंडांस चीर देणें व दुसऱ्या सकाळीं चीक खरवडणें, हे श्रम निराळेच. रॉल्फ बाउअर यांनीं २०१९ सालच्या ग्रंथांत हें पीक शेतकऱ्यास तोट्याचें होतें असें प्रतिपादिलें आहे. मग उचल कां घेत? साऱ्यास रोकड लागे, हें एक उघड कारण.

माळव्यांत, शिंदे-होळकरांच्या मुलुखांत, प्रकार वेगळा. तेथें मक्त्याचा खटाटोप कंपनीनें १८२९ च्या सुमारास सोडला व १८३० पासून मुंबईस जाणाऱ्या पेटीवर परवान्याचा कर बसविला. प्रथम १७५ रुपये, १८४७ पासून ४००. पीक मात्र सावकाराच्या पैशावर उभें राही. ज्यांच्या संग्रहीं माळव्यांतील सावकारी वह्या असतील त्यांनीं उचलीच्या तिथि साऱ्याच्या हप्त्यांशीं ताडून पाहाव्या.