भरलेला बाजार उठतो कसा? ईबे, ताओबाओ आणि तीन वर्षं

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

एका प्रश्नापासून सुरू करू. समजा, देशातला सगळ्यात मोठा ऑनलाइन बाजार तुमच्याकडे आहे. विकणारे तुमच्याकडे, घेणारे तुमच्याकडे, आणि पाठीशी या धंद्यातली जगातली सगळ्यात अनुभवी कंपनी. तरी तीन-साडेतीन वर्षांत तुम्ही गाशा गुंडाळता. असं कसं होतं?

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की असं होऊच शकत नाही. नेटवर्क इफेक्ट. आपल्या आठवडी बाजारासारखं: गिऱ्हाईक जिथे येतं तिथेच भाजीवाला पाल टाकतो, आणि भाजीवाले जिथे बसतात तिथेच गिऱ्हाईक येतं. एकदा बाजार भरायला लागला की पलीकडच्या गावाला तो हलवता येत नाही. मग चीनमध्ये तो हलला कसा, ही आजची गोष्ट.

आधी थोडं मागे जाऊ. सप्टेंबर १९९५, कॅलिफोर्निया. पियर ओमिड्यार नावाचा प्रोग्रॅमर सुट्टीच्या दिवसांत ऑक्शनवेब नावाची साइट लिहितो. सुरुवातीच्या विक्रीतली प्रसिद्ध वस्तू म्हणजे त्याचा मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला गेलेला. (बायकोच्या पेझ गोळ्यांच्या डब्यांसाठी साइट काढली ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली होती.) १९९६ च्या सुरुवातीला त्याने फीडबॅकची सोय आणली: व्यवहार झाला की दोघांनी एकमेकांबद्दल चारचौघांत लिहायचं. मला विचाराल तर ईबेचा खरा शोध लिलाव नव्हे, हा आहे. अनोळखी माणसाला पैसे पाठवायला लोक तयार झाले ते त्याच्या नावापुढच्या आकड्यामुळे.

अमेरिकेत याहूने १९९८ मध्ये लिलाव सुरू केले, तेही फुकट. तरी ईबे हललं नाही. याहूचे अमेरिकेतले लिलाव २००७ मध्ये बंद झाले. म्हणजे 'फुकट दिलं की जिंकलं' हे खरं नाही, एवढं लक्षात ठेवा.

का नाही हललं? मला पटणारं कारण असं. आजोबांचं एकच जुनं घड्याळ आहे आणि त्याचा लिलाव करायचाय, तर ते एकाच ठिकाणी मांडता येतं. दोन साइट्सवर दोन वेगळ्या लोकांनी शेवटची बोली लावली तर काय करणार? त्यामुळे विकणारा जिथे जास्त बोली लागते तिथेच जातो, आणि त्याचा कमावलेला फीडबॅकही तिथेच असतो. तो बांधलेला असतो.

जपानमध्ये मात्र याहू १९९९ मध्ये आधी पोहोचलं, ईबे काही महिन्यांनी, तेही शुल्क घेऊन. २००२ मध्ये ईबे तिथून बाहेर पडलं. यातून कंपनीने धडा घेतला की पहिलं असणं महत्त्वाचं. धडा चुकीचा नव्हता, अर्धा होता.

म्हणून चीनमध्ये त्यांनी पहिल्या नंबरचीच साइट घेतली. शांघायची ईचनेट, १९९९ मध्ये शाओ यिबो आणि थान हाइयिन या हार्वर्डहून परतलेल्या दोघांनी काढलेली. ईबेने २००२ मध्ये ३ कोटी डॉलर देऊन एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि २००३ मध्ये आणखी १५ कोटी देऊन उरलेला. चीनमधला बहुतांश ऑनलाइन लिलाव तेव्हा त्यांच्याच साइटवर होत होता.

मे २००३. सार्सची साथ. हांगचौमध्ये जॅक मा यांची अलिबाबा कंपनी, त्यांच्याच जुन्या फ्लॅटमध्ये एक छोटी टीम बसवून, ताओबाओ सुरू करते. विकणाऱ्यांसाठी तीन वर्षं फुकट. २००५ मध्ये त्यांनी आणखी तीन वर्षं फुकटची घोषणा केली.

आता अमेरिकेत जे फुकट चाललं नाही ते इथे का चाललं? कारण माल वेगळा होता. ताओबाओवरचा विक्रेता हळूहळू आजोबांचं घड्याळ विकणारा उरला नाही. तो कारखान्यातून आलेले नवे कपडे, मोबाइलची कव्हरं, पर्सेस ठरलेल्या भावाने विकत होता. पन्नास नग आहेत, तर तो ईबेवरही मांडेल आणि ताओबाओवरही. दुसरीकडे मांडायला त्याला काहीच खर्च नाही! कोणी ईबे 'सोडलं' नाही. लोकांनी फक्त दुसरीकडेही पाल टाकलं. शिवाय २००३ अखेर चीनमध्ये इंटरनेट वापरणारे ८ कोटींच्या आसपास होते, २००६ अखेर १३ कोटींच्या पुढे. म्हणजे नेटवर्क ज्यांचं बनायचं ते लोक अजून यायचेच होते. ईबेने भरलेला बाजार घेतला असं वाटत होतं, प्रत्यक्षात त्यांनी पहाटे सहाचा बाजार घेतला होता.

इथे एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते. ईबे विक्रीवर टक्केवारी घेत होतं, त्यामुळे घेणारा आणि विकणारा आधीच थेट बोलले आणि बाहेरच्या बाहेर सौदा केला तर नुकसान त्यांचं. ताओबाओला टक्केवारीच नव्हती, मग बोलले तर बिघडलं काय? त्यांनी २००४ मध्ये वांगवांग नावाचं चॅट आणलं. दुकानदाराला हाक मारा, घासाघीस करा, 'रंग जातो का हो?' विचारा. शुल्काचा निर्णय आणि चॅटचा निर्णय हे दोन नव्हतेच, एकच होता.

हे मला कळतं कारण मी एकदा उलट्या बाजूला बसलो होतो. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत वापरलेली उपकरणं भाड्याने देण्याचा बाजार आम्ही चालवत होतो, आणि कमिशन बुडू नये म्हणून मेसेजमधले फोन नंबर पुसणारा कोड मी लिहिला होता. आठवड्याभरात लोक 'नऊ आठ दोन दोन' असं अक्षरांत लिहायला लागले. मी तेही पकडलं. फार अभिमान वाटला होता. त्यांना एकमेकांशी बोलायचं होतं आणि मी ते अडवत होतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. ती कंपनी आता नाही.

दुसरा मुद्दा पैशांचा. क्रेडिट कार्ड फार थोड्यांकडे, आणि अनोळखी माणसावर विश्वास कोण ठेवणार? ताओबाओने ऑक्टोबर २००३ मध्ये अलीपे सुरू केलं. आपल्याकडे पूर्वी वादाचे पैसे तिऱ्हाईताच्या हाती ठेवत, तसंच: पैसे आमच्याकडे ठेवा, माल हातात पडला आणि पटला की आम्ही विकणाऱ्याला देऊ. पहिला व्यवहार ७५० युआनच्या जुन्या कॅमेऱ्याचा होता. ईबेने २००२ मध्ये दीड अब्ज डॉलरला घेतलेलं पेपॅल वेगळ्या समजुतीवर उभं होतं, तिथे पैसा लगेच विकणाऱ्याच्या खात्यात जातो. पुढे ईबेनेही तिऱ्हाईताची सोय आणली, चीनमधलं शुल्कही काढलं. उशीर झाला होता.

आणि मग सप्टेंबर २००४. ईचनेटची स्वतःची प्रणाली बंद करून चीनची साइट ईबेच्या जागतिक प्लॅटफॉर्मवर हलवली गेली. सर्व्हर अमेरिकेत. पानं हळू उघडायला लागली, ओळखीच्या सोयी गायब झाल्या, लोक कमी झाले. छोटा बदलसुद्धा आता सॅन होजेच्या रांगेत उभा.

या निर्णयाला हसणं सोपं आहे. पण एकच कोडबेस, एकच डेटाबेस, सगळ्या देशांत सारखी सुरक्षा: असं डिझाइन डॉक्युमेंट माझ्यासमोर आलं असतं तर मी 'उत्तम' म्हणून सही केली असती. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नव्हती. फक्त जो माणूस शांघायमध्ये पान उघडायची वाट बघत होता, तो त्या कागदावर कुठेच नव्हता.

ऑगस्ट २००५ मध्ये याहूने अलिबाबात १ अब्ज डॉलर गुंतवले, म्हणजे फुकट चालवायला दमही आला. त्याच वर्षी ईबे चीनमध्ये १० कोटी डॉलर ओतत होतं. डिसेंबर २००६ मध्ये ईबेने आपली चिनी साइट बंद करून टॉम ऑनलाइनबरोबर संयुक्त कंपनी काढली, त्यात ईबेचा वाटा ४९ टक्के.

जाता जाता, आपल्या घरचं. मुंबईची बाझी डॉट कॉम आठवते? ईबेने ती २००४ मध्ये सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली आणि तिची ईबे इंडिया झाली. इथला अविश्वासाचा प्रश्न २०१० मध्ये फ्लिपकार्टने तिऱ्हाईत न बसवता सोडवला: माल दारात आला की रोख द्या. ज्या कंपनीने हे केलं तिलाच २०१७ मध्ये ईबेने आपला भारतातला धंदा सोपवला, वर ५० कोटी डॉलर गुंतवले. ऑगस्ट २०१८ मध्ये ती साइट बंद झाली. माझी पहिली ऑनलाइन खरेदी तिथलीच होती, एक पेन ड्राइव्ह, पैसे पाठवून आठ दिवस पोस्टमनची वाट बघितलेली.