कमिंग्ज यांचा व्याकरणविचार

अमेरिकन कवी व नाटककार ई. ई. कमिंग्ज (१८९४–१९६२) यांस व्याकरणद्रोही म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे. हार्वर्ड येथे ग्रीक व इंग्रजी साहित्याचे अध्ययन केलेल्या या कवीने १९१७ साली फ्रान्समध्ये संशयावरून कारावास भोगला. 'दि एनॉर्मस रूम' (१९२२) हा ग्रंथ त्यातूनच निर्माण झाला. 'हिम' (१९२७) या नाटकात नायक-नायिकांस विशेषनामे नाहीत, केवळ सर्वनामे आहेत. कवितेत तर क्रियापदेही नामांच्या जागी येतात. तथापि इंग्रजीत पदाचे कार्य मुख्यतः स्थानावरून ठरत असल्यामुळे अर्थ लागतो. मूळ नियम अबाधित असतो, म्हणूनच त्याचा भंग जाणवतो. मराठी अनुवादकाची कसोटी येथेच आहे : विभक्तिप्रत्ययांवर चालणाऱ्या भाषेत पदांची नुसती अदलाबदल करून भागणार नाही.