अंगणवाडी सेविका : प्रशिक्षणाचा पूर्वेतिहास

महाराष्ट्रात ग्रामीण बालसेविका घडविण्याचे कार्य शासनापूर्वी स्वयंसेवी संस्थांनी हाती घेतले. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या नूतन बालशिक्षण संघाने (स्था. १९२६) १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊन अंगणात वर्ग भरवू लागल्या; ‘अंगणवाडी’ ती हीच. माँटेसरीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती; शंखशिंपले, खडे, पाने यांवर काम भागे. अनुताई वाघ प्रभृतींनी या पद्धतीत शिक्षिका तयार केल्या व १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी भागात ती रुजविली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी स्वीकारली. सेविका मात्र मानधनावरच राहिली. तिचा उपदानाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केला.