भगभगणारे तळपाय आणि नॉर्मल रिपोर्ट

आजही इतिहासच सांगणार आहे, पण लढायांचा नाही. आज विषय आहे अंगाच्या खाजेचा आणि आगीचा. तीही अशी, की ज्याला होते त्याला रात्रभर झोप नाही आणि बघणाऱ्याला काही दिसत नाही. ना पुरळ, ना लाली, ना सूज.

मराठीत या त्रासाला शब्द किती आहेत बघा. तळपाय भगभगतात, कातडी चुरचुरते, झोंबते, कंड सुटते, मुंग्या येतात, अंगाची लाही लाही होते. हे सगळे वेगवेगळे त्रास आहेत आणि बोलणाऱ्याला तो फरक नेमका कळतो. तुमची आई सहा महिन्यांसाठी इकडे येते, थंडीतही पाय पांघरुणाबाहेर काढून झोपते आणि म्हणते, "भगभगतंय गं." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे तुम्ही दुभाषी होता आणि त्या सगळ्याचं एकच 'बर्निंग' करून टाकता. रिपोर्ट नॉर्मल येतात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "मनावर घेतलं असेल त्यांनी."

सुश्रुतसंहितेत पाददाह आणि पादहर्ष असे दोन वेगळे विकार सांगितले आहेत. एकात पायांची आग, दुसऱ्यात मुंग्या आणि बधिरपणा. घरोघरी काशाची वाटी असायची. तळपायाला तूप लावून ती घासायची, आणि तूप काळं पडलं की "उष्णता निघाली" म्हणायचं. ते काळं पडतं धातूमुळे, उष्णतेमुळे नव्हे. पण वाटी घासणाऱ्या आजीने "तुला भास होतोय" असं काही म्हटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुस्तकी वैद्यकाला मात्र डोळ्यांना दिसेल तेच खरं वाटत आलं. खरजेचंच घ्या. रक्त बिघडलं की खाज सुटते, असं युरोपातले डॉक्टर शतकानुशतकं मानत होते. १६८७ साली इटलीत बोनोमो नावाच्या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहिला आणि त्याचं चित्र काढून प्रसिद्धही केलं. वजनदार मंडळींनी काणाडोळा केला. जवळजवळ दीडशे वर्षांनी, १८३४ मध्ये, पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्याने सर्वांसमक्ष सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखवला. तो कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या गरीब बायकांना सुईने किडे काढताना त्याने पाहिलं होतं. बायकांना जे माहीत होतं, ते प्राध्यापकांना दीडशे वर्षं पटत नव्हतं!

किडा निदान सुईवर धरता तरी येतो. दुखावलेल्या नसेचं काय?

त्यासाठी आपल्या फिलाडेल्फियाला यावं लागेल. अमेरिकन यादवी युद्धात तिथे टर्नर्स लेनवर नसांच्या जखमांसाठी खास लष्करी इस्पितळ होतं. डॉ. सायलस वेअर मिचेल तिथे काम करत. गोळीची जखम भरलेली, व्रण सुकलेला, तरी सैनिक हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसायचे. काही जण बुटात पाणी ओतायचे. कागदाची सळसळ झाली तरी आग वाढायची. मिचेलने या माणसांना ढोंगी ठरवलं नाही. १८६४ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्याने यावर पुस्तक लिहिलं आणि पुढे या आगीला 'कॉझाल्जिया' असं नाव दिलं.

याच मिचेलने पुढे 'नर्व्हस' ठरवलेल्या बायकांसाठी सक्तीच्या विश्रांतीचा उपचार काढला. अंथरुणावर पडून राहायचं, लिहायचं-वाचायचं नाही. १८८७ मध्ये शार्लट पर्किन्स गिलमन ही लेखिका त्याची पेशंट होती. त्या उपचाराने ती वेडाच्या काठापर्यंत पोचली आणि त्यावर तिने 'द यलो वॉलपेपर' ही कथा लिहिली. सैनिकाच्या न दिसणाऱ्या आगीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसालाही बाईचं म्हणणं ऐकून घेता आलं नाही. तक्रार कोण करतंय, यावर बरंच अवलंबून असतं.

आता पुन्हा तळपायांकडे. १८२६ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात ग्रिअर्सन नावाच्या डॉक्टरने 'नेटिव्ह' लोकांच्या पायांच्या आगीवर लेख लिहिला. पुढे शंभरेक वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर, हाँगकाँग इथे जपान्यांच्या कैदेत हजारो गोरे सैनिक पॉलिश केलेल्या तांदळावर दिवस काढू लागले, आणि त्यांचे पाय भगभगू लागले. रात्री पाय बादलीत बुडवून बसायचे, नाहीतर छावणीत येरझाऱ्या घालायच्या. इथे रोग्यांचे डॉक्टरही कैदीच होते, त्यामुळे शंका घ्यायला फारशी जागा नव्हती. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काम करणारे सत्तावीस वर्षांचे डॉ. सी. गोपालन यांनी आपल्याकडच्या रोग्यांबद्दल लिहिलं. ब गटातल्या पँटोथेनिक आम्लाने त्यांना उतार पडल्याचं त्यांनी नोंदवलं. हेच गोपालन पुढे भारतीय आहारशास्त्राचे भीष्माचार्य झाले. वैद्यकाच्या पुस्तकांत या विकाराला आज ग्रिअर्सन-गोपालन अशी दोघांची नावं आहेत.

खाज म्हणजे सौम्य वेदनाच, असंही बरीच वर्षं शिकवलं जात होतं. १९९७ मध्ये माणसाच्या कातडीत खाजेचा निरोप नेणारे वेगळे बारीक तंतू सापडले. मिरची जिथे झोंबते तो रेणूही त्याच वर्षी डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधला. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं, अर्धं. भाजल्याची जाणीवही तोच रेणू देतो, तेव्हा मिरचीची 'आग' हा नुसता वाक्प्रचार नाही.

नसांची नेहमीची विजेची तपासणी फक्त जाड तंतू मोजते. आग आणि खाज नेणारे बारीक तंतू तिला कळतच नाहीत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. हे तंतू मोजायला कातडीचा तीनेक मिलिमीटरचा तुकडा काढून बघतात. ही पद्धत १९९० च्या दशकात रुळली. तेही सगळ्यांना सांगत नाहीत, आणि ती करूनही कित्येकांचं कारण सापडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी दुभाषी व्हाल तेव्हा 'बर्निंग'वर थांबू नका. कधी होतं, दोन्ही पायांना का, पांघरूण सहन होतं का, आग आधी की मुंग्या आधी, हे आईलाच विचारा आणि तसंच्या तसं सांगा. साखर आणि बी-१२ तपासलं का, तेही विचारा. शाकाहारी माणसाला आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला बी-१२ कमी पडू शकतं. थायरॉइड, मूत्रपिंड, दारू, चालू असलेली औषधं, यांचाही विषय निघायला हवा. फक्त खाजच असेल आणि ती हटत नसेल, तर यकृतही तपासतात.

आणि बॅगेतून काशाची वाटी आणली असेल तर खुशाल घासा. मधुमेह असेल तर मात्र जोर लावू नका, बधिर पायाला ओरखडा कळत नाही.